पलटण शोधायची तर आधी पदकाची कड वाचा

पूर्वजांचा शोध : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सिन्नर तालुक्यातले. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईला, म्हणजे आताच्या इराकमध्ये, गेले होते, कूतच्या वेढ्यात अडकले आणि तुर्कांच्या कैदेत राहून लढाई संपल्यावर परत आले, असं घरात सांगतात. गावात त्यांना सगळे ‘हवालदार बाबा’ म्हणत. घरात आता दोनच वस्तू उरल्यात. एक १९२६ सालचं डिस्चार्ज सर्टिफिकेट. त्यावर ‘१०/५ मराठा लाइट इन्फन्ट्री’ असं आहे आणि नोकरी १५ वर्षं. दुसरं म्हणजे पंख असलेल्या बाईचं, पितळी रंगाचं एक गोल पदक. मी चौकशी केली तर १०/५ ही रंगरूटांना शिकवणारी पलटण निघाली, बेळगावची. ती कूतला नव्हतीच. मग घरची गोष्ट खोटी समजायची का? पणजोबांची सुरुवातीची नोकरी कुठे झाली, हे कसं कळेल? जाता जाता सांगतो, पणजी मानमोडीच्या तापात, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, गेली. तिला पणजोबांनीच अग्नी दिला, असं आजोबा सांगायचे.
— एक वाचक, ता. सिन्नर

उत्तर : गोष्ट खोटी म्हणून टाकून देऊ नका. कागद खरा आहे आणि गोष्टीचा मोठा भागही खरा असणार, असं मला तुमचं पत्र वाचून वाटतं. डिस्चार्जच्या कागदावर पलटण असते ती शेवटची. माणूस जिथून घरी आला ती. त्याआधी तो कुठे भरती झाला, कुठे बदलून गेला, कोणत्या मुलखात लढला, हे त्या एका ओळीत येत नाही. नाशिकरोड कॅम्पातल्या तोपखान्याच्या अभिलेख कार्यालयात माझी सगळी नोकरी झाली. तिथे घरच्या मंडळींची जी पत्रं यायची त्यात नव्वद टक्के वेळा शेवटचं युनिट धरूनच विचारणा असायची. सुरुवातीची नोकरी शोधायची तर शेवटापासून मागे चालत जावं लागतं, आणि वाटेत १९२२ साल लागतं. तिथेच लोकांचा रस्ता चुकतो.

१९२२ साली हिंदुस्थानी फौजेची नव्याने बांधणी झाली. तोवर मराठ्यांच्या सहा पलटणी वेगवेगळ्या नंबरांनी ओळखल्या जात : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. त्या सगळ्यांची मिळून ‘५ मराठा लाइट इन्फन्ट्री’ केली. यात ‘१/५’ म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण. १०३ झाली १/५, १०५ झाली २/५, ११० झाली ३/५, ११६ झाली ४/५. ११७ ला लढाईतल्या कामगिरीबद्दल १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा मान मिळाला होता, ती ५/५ रॉयल झाली. आणि ११४ झाली १०/५, म्हणजे बाकी पाचही पलटणींसाठी जवान तयार करणारी. कुणाचे पूर्वज १९०३ च्या आधी भरती झाले असतील तर आणखी एक पायरी खाली उतरा. त्या साली मुंबईकडच्या पायदळ पलटणींच्या जुन्या नंबरांत सरसकट शंभर मिळवले गेले. ३ मुंबई लाइट इन्फन्ट्रीची १०३ मराठा झाली, १७ मुंबईची ११७. एकच पलटण, पण आजोबांच्या कागदावर एक नंबर, वडिलांच्या कागदावर दुसरा.

म्हणजे १९२६ मध्ये १०/५ मधून निघालेला हवालदार दोन वाटांनी तिथे आलेला असू शकतो. तो मुळातच ११४ चा असेल, किंवा दुसऱ्या मराठा पलटणीतून लढाई पाहून आलेला जुना जाणता शिपाई शिकवायला म्हणून तिथे घेतला असेल. यातलं कुठलं, ते डिस्चार्जचा कागद सांगत नाही. पदक सांगतं.

तुम्ही पदकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवलेत. कडेचा मी मागून घेतला. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. कडेच्या एवढ्याशा जागेत हे सगळं बसवलेलं. वरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. पदक उभं धरायचं, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्यायचा आणि पदक हळूहळू फिरवत एकेक अक्षर टिपायचं. तुमच्या फोटोत शेवटची दोन अक्षरं झिजलीत, तरी ‘२४१७ शिपाई’, पुढे पणजोबांचं नाव आणि ‘११७ मराठाज’ एवढं स्वच्छ वाचता येतं.

इथे तुमचा अर्धा प्रश्न सुटला. पणजोबा लढाईत ११७ मराठा पलटणीत होते, शिपाई होते. हवालदारकी नंतरची. १९२६ मधून नोकरीची १५ वर्षं वजा केली की भरती येते १९११ च्या आसपास. २४१७ हा नंबर त्या पलटणीचा स्वतःचा आहे. त्या काळी प्रत्येक पलटण आपापले नंबर देत असे, १०३ मधला २४१७ वेगळा आणि ११७ मधला वेगळा. बदली झाली की नंबरही बदले. म्हणून कुठेही अर्ज कराल तर नंबर आणि पलटण जोडीनेच लिहा. नुसता नंबर लिहिलेला अर्ज शोधणाऱ्याला भलत्याच माणसाकडे घेऊन जातो.

आता ११७ मराठा. ही पूना डिव्हिजनच्या १६ व्या ब्रिगेडमधली पलटण. मेसोपोटेमियासाठी, म्हणजे आताच्या इराकसाठी, ही ब्रिगेड सगळ्यांच्या आधी, ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघाली. नोव्हेंबरात बसरा घेतलं. १२ ते १४ एप्रिल १९१५ ला शैबाची लढाई झाली, त्यातही ११७ होती. मग तैग्रिस नदीच्या काठाने वर वर जात २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांशी गाठ पडली. तिथे इतकी माणसं गेली की फौज मागे फिरली, डिसेंबरच्या सुरुवातीला कूत गावात शिरली आणि ७ डिसेंबरला वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या इंग्रज फौजेचा प्रमुख जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. शेवटी शेवटी घोडे कापून खायची पाळी आली होती. आपल्या शिपायांतले पुष्कळ जण ते मांस तोंडात घालायला तयार नव्हते, थोड्याशा जवाच्या पिठावर राहिले. मराठ्यांच्या तीन पलटणी त्या वेढ्यात होत्या : १०३, ११० आणि ११७. म्हणजे घरी सांगतात ते कूतचं नाव हवेतून आलेलं नाही.

पण पणजोबा कैदेत होते का? इथे मात्र मला तुमच्या पत्रातलं शेवटचं, तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य सगळ्यांत मोलाचं वाटतं. मानमोडीची मोठी लाट आपल्याकडे आली ती १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. तुर्कस्तानशी तह झाला ३० ऑक्टोबर १९१८ ला, आणि कूतचे कैदी सुटून घरी पोचले ते त्यानंतर. त्यातल्या हिंदी शिपायांना सीरियातल्या रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपलं होतं. त्यातले पुष्कळ जण परत आलेच नाहीत. पणजीला जर पणजोबांनीच अग्नी दिला असेल, तर तेव्हा ते सिन्नरात होते, तुर्कांच्या ताब्यात नव्हते.

मग कूत कुठून आलं? तीन शक्यता आहेत. पहिली, टेसिफोनला किंवा त्याआधी ते जखमी किंवा आजारी झाले आणि वेढा पडायच्या आत नदीतल्या बोटींतून बसऱ्याला पाठवले गेले. असे पुष्कळ होते. दुसरी, शरणागतीच्या वेळी काही आजारी-जखमी शिपाई अदलाबदलीत इंग्रजांकडे परत दिले गेले, त्यात ते असतील. मग ते वेढ्यात होते आणि थोडे दिवस शत्रूच्या हातातही होते, आणि गोष्ट बरीचशी खरी ठरते. तिसरी, ते मागाहून कुमकेत गेले. वेढ्यातल्या पलटणींसाठी नवी माणसं बसऱ्याला येत राहिली, पण ती कूतपर्यंत पोचूच शकली नाहीत. १९१६ च्या जानेवारी ते एप्रिल वेढा फोडायचे जे प्रयत्न झाले त्यात ती लढली. असा माणूस आयुष्यभर ‘कूतसाठी लढलो’ म्हणेल, आणि पुढच्या पिढीत त्याचं ‘कूतमध्ये होतो’ होईल.

तिसरी शक्यता तपासायला आणखी एक पदक उपयोगी पडतं, पण ते तुमच्याकडे नाही. पंख असलेल्या बाईचं ते व्हिक्टरी मेडल. ते एकटं कुणालाच मिळत नसे, त्याच्या जोडीला राजाच्या मुखवट्याचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल असायचंच. तुमच्या घरचं ते चांदीचं होतं म्हणूनच गेलं असेल. दुष्काळात, लग्नात, दवाखान्याच्या खर्चाला किती घरांतून ही पदकं सराफाकडे गेली आणि वितळली. त्याबद्दल मागच्या पिढीला बोल लावू नका. ३१ डिसेंबर १९१५ च्या आत जो रणभूमीवर पोचला त्याला या दोघांखेरीज ‘१९१४-१५ स्टार’ नावाचं तारेच्या आकाराचं पदकही मिळे, आणि त्याच्या पाठीवर नाव असे. पणजोबा टेसिफोनला असतील तर त्यांना स्टार मिळालाच असणार. भावकीत विचारा. वाटण्या होताना पदकंही वाटली जातात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय : मोठ्याकडे एक, धाकट्याकडे एक, आणि पदकं लावायची पट्टी आत्याकडे.

आता पुढचं काम, आणि ते नाशकातच करायचं आहे. मानमोडीत गेलेल्या पणजीच्या अस्थी तुमच्या घराने बहुधा रामकुंडावर आणल्या असतील. पंचवटीतल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पण लोक त्या फक्त वंशावळीसाठी उघडतात. त्या वहीत कोण आलं, कशासाठी आलं आणि कधी आलं हेही असतं. तुमच्या गावाचे उपाध्ये कोणते ते घरातल्या किंवा भावकीतल्या वडीलधाऱ्यांना विचारा, गाव, आडनाव आणि कूळ सांगा, आणि शके १८४० चा भाद्रपद ते कार्तिक बघायची विनंती करा. नोंद मोडीत असेल. फोटो काढू देतील का ते आधी नम्रपणे विचारा, कारण वही त्यांची आहे. तिथे पणजोबांचं नाव त्या तिथीला सापडलं, तर ते कैदेत नव्हते याचा आजोबांच्या आठवणीपेक्षा भक्कम पुरावा तुमच्या हातात येईल. मोडी वाचणारं कुणी ओळखीचं नसेल तर पुराभिलेख खात्याच्या मोडी वर्गांतून शिकलेली बरीच मंडळी आता जिल्ह्यात आहेत.

त्याच्या जोडीला तहसीलमध्ये गावाचं कोतवाल बुक बघा, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्याच्या नकला काढतात, त्यामुळे कुठे मागायचं ते तलाठी सांगेल. पणजीच्या मृत्यूची तारीख तिथे मिळेल. लढाईनंतर शिपायांना सरकारने जमिनीही दिल्या. तशी जमीन तुमच्याकडे असेल तर जुन्या फेरफारात ती कशाबद्दल मिळाली ते लिहिलेलं असतं.

मग बेळगाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज करताना ‘पणजोबांची सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. अशा अर्जाला ‘कागदपत्रे उपलब्ध नाहीत’ हेच उत्तर येतं. शिपायाची सगळी माहिती असते ती शीट रोलमध्ये : बापाचं नाव, गाव, तालुका, जात, भरतीच्या वेळचं वय, उंची, अंगावरच्या खुणा. तो इतक्या वर्षांनी मिळेल, अशी आशा धरू नका. पण लाँग रोल कायम जपायचा असतो. आमच्याकडचे लाँग रोल माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दोन हातांनी उचलावे लागणारे कापडी बांधणीचे ग्रंथ, शाई तपकिरी झालेली, एका नंबराला एक ओळ. त्या ओळीत भरतीची तारीख, कुठून बदलून आला, कुठे गेला, कधी आणि कशामुळे कमी झाला. माणसाची पंधरा वर्षं वीतभर जागेत. तुम्ही नेमकं तेच मागा : ‘२४१७ शिपाई अमुक, ११७ मराठा, नंतर १०/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, यांच्या लाँग रोलमधील नोंदीची प्रत.’ वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहा. पदकाच्या कडेचा फोटो आणि डिस्चार्जची झेरॉक्स जोडा, आणि तुम्ही पणतू असल्याचं दाखवणारी वंशावळ लावा. १९२२ च्या आधीची आणि नंतरची, दोन्ही पलटणींची नावं लिहायला विसरू नका. साध्या अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराखाली १० रुपये फी भरून तोच मजकूर पाठवा.

घरबसल्या करायच्या दोन गोष्टीही सांगते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मेलेल्या सैनिकांची यादी आहे. पणजोबा जिवंत परतले, त्यामुळे ते तिथे सापडणार नाहीत, आणि पुष्कळ वाचक तिथेच निराश होऊन थांबतात. तुम्ही तिथे ११७ मराठाचे मृत शोधा आणि जास्तीच्या माहितीत ‘नाशिक’ बघा, जुन्या इंग्रजी स्पेलिंगने. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. २४१७ च्या मागचा-पुढचा नंबर असलेला सिन्नर किंवा निफाडकडचा कुणी सापडला, तर ही पोरं एका भरतीत बरोबर गेली असं धरायला हरकत नाही. त्या घराकडे आणखी कागद असू शकतो. दुसरी गोष्ट, रेड क्रॉसच्या जिनिव्हाच्या संग्रहातली पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं आता सगळ्यांना खुली आहेत. तिथेही नाव तपासा. नावाचं स्पेलिंग जसं कानावर पडलं तसं साहेबाने लिहिलेलं असतं. सखारामचा ‘सुकाराम’ झालेला मी पाहिलाय, म्हणून तीन-चार तऱ्हांनी शोधा.

पलटणीची रोजनिशी, म्हणजे वॉर डायरी, लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरही त्या काळची बरीच कागदपत्रं फुकट वाचता येतात, तिथेही शोधा. डायरीत शिपायाचं नाव मिळायची आशा धरू नका, तिथे नावं साहेबांची. पण त्या दिवशी पलटण कुठे होती, किती जखमी मागे पाठवले, किती कुमक आली हे कळतं. लाँग रोलमधली तारीख एकदा हातात आली की ती डायरीशेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. ते इटलीत होते, तिथली थंडी आणि तिथल्या शेतकऱ्यांनी दिलेलं जेवण याच्या गोष्टी सांगत. पण पदकांत आफ्रिका स्टार आहे, इटली स्टार नाही. पदक हरवलं असेल का? कार्यालयाकडून कागद नष्ट झाल्याचं उत्तर आलं.
— एक वाचक, इगतपुरी

उत्तर : हरवलं असेलही. पण आजोबांची बटालियन कोणती ते आधी बघा. ती २/५ निघाली, तर पदक हरवलेलं नाही. २/५ मराठा जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या टोब्रुकला होती. २१ जूनला टोब्रुक पडलं तेव्हा ती तिथल्या बाकी फौजेबरोबर जर्मन-इटालियनांच्या हाती लागली, आणि तिथले हिंदी कैदी इटलीतल्या छावण्यांत नेले गेले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली तेव्हा छावण्यांतून निसटलेल्या कैद्यांना तिथल्या शेतकऱ्यांनी घरात लपवलं, जेवू घातलं. युद्धकैदी म्हणून इटलीत राहिलेल्याला इटली स्टार मिळत नसे, तो लढणाऱ्यांसाठी होता. आजोबांच्या गोष्टींत थंडी आणि जेवण आहे आणि लढाई नाही, म्हणून मला हे सुचतंय. आजीला किंवा त्यांच्या बहिणींना विचारा, मधल्या काळात त्यांची पत्रं येत होती का, आणि कुठल्या शिक्क्याची.

१/५ किंवा ३/५ असेल तर मात्र इटली स्टार असायलाच हवा. ३/५ च्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या, आणि १/५ चे आपल्या शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो इटलीतच.

कागद नष्ट झाल्याचं उत्तर नियमाला धरून आहे. ज्यांना पेन्शन नाही त्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, आणि युद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्या हजारो जवानांना पेन्शन नव्हती. वर सांगितलं तसं फक्त लाँग रोलची नोंद मागा. नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचं मानधन मिळे. आजींनी तसा अर्ज केला असेल तर आजोबांचा नंबर आणि बटालियन त्या कागदांवर मिळेल.

प्रश्न : आमच्या पणजोबांचं पहिल्या लढाईचं पदक तांब्याच्या रंगाचं आहे. गावातल्या दुसऱ्या एका घरात तसंच, पण चांदीचं आहे. त्यांचे पाहुणे म्हणतात, तुमचे फक्त हमाल होते, सैनिक नव्हते. आम्ही बौद्ध, पूर्वीचे महार. हे खरं आहे का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : पदक एकच आहे, ब्रिटिश वॉर मेडल. लढणाऱ्या पलटणींना ते चांदीत दिलं आणि पोर्टर, लेबर अशा कोअरमधल्या, म्हणजे ओझी वाहणाऱ्या आणि मजुरीची कामं करणाऱ्या दलांतल्या माणसांना ब्राँझमध्ये. तुमच्या पदकाच्या कडेवर पलटणीच्या जागी कोअरचं नाव असेल आणि हुद्द्याच्या जागी कदाचित ‘कुली’ असा शब्द ठोकलेला असेल. तो वाचून मन दुखेल, आधीच सांगून ठेवते. पण हा भेद सरकारने ठरवलेला आहे, तुमच्या पणजोबांच्या हिमतीवरून ठरलेला नाही. बसऱ्याच्या धक्क्यावर बोटी उतरवल्या, चिखलातून दारूगोळा आणि पीठ पुढे पोचवलं, ते याच माणसांनी. आजारपणात आणि उन्हात तीही मेली, आणि मृतांच्या यादीत त्यांचीही नावं आहेत.

आणि ते शिपाई का नव्हते, याचं कारण पाहुण्यांना जरूर सांगा. मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला लढलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. १८९० नंतरच्या दशकात सरकारने जातवार भरतीचं धोरण धरलं आणि महारांना फौजेचा दरवाजा बंद केला. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट इंग्लंडच्या भारतमंत्र्यापर्यंत मागणी नेली. लढाईत माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडलीसुद्धा. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. मधल्या काळात ज्याला फौजेत जायचं होतं त्याला पोर्टर आणि लेबर कोअरचाच रस्ता उघडा होता.

म्हणून तुम्ही शोध पणजोबांवर थांबवू नका. त्यांचे वडील किंवा आजे १८९० च्या आधी मुंबई फौजेत शिपाई, हवालदार असण्याची बरीच शक्यता आहे, आणि तुमच्या घराची सुरुवातीची लष्करी नोकरी तिथे सापडेल. ते नाव आडनावाने शोधू नका. जुन्या यादीत आडनाव नसतं, नावाला ‘नाक’ जोडलेलं असतं, जसं कोरेगावच्या स्तंभावर आहे. बापाचं नाव आणि गाव हे दोनच धागे. पेन्शनवर आलेला माणूस गावात उठून दिसे, तेव्हा गावाच्या जुन्या जमीन-नोंदींत ‘पेन्शनर’ किंवा हुद्द्यासकट नाव आहे का बघा. सुभेदार-जमादार झालेला कुणी असेल तर छापील इंडियन आर्मी लिस्टमध्ये पलटणीखाली त्याचं नाव आणि बढतीच्या तारखा मिळतात. हवालदार आणि शिपाई तिथे नसतात.

प्रश्न : पदकं काळी पडलीत. पितांबरीने घासली तर चालतील का? आणि डिस्चार्जचा कागद घडीवर फाटतोय, लॅमिनेट करून घेऊ का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : दोन्ही करू नका. पितांबरी, चिंच, रांगोळी, ब्रासो, काहीही लावलं तरी सगळ्यांत आधी झिजतात ती कडेवरची अक्षरं. सिन्नरच्या वाचकांच्या पदकावर शेवटची दोन अक्षरं गेलीत ती बहुधा अशीच, दर दिवाळीला घासून. कोरड्या मऊ सुती कपड्याने धूळ पुसा, कडेचे फोटो काढून दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि पदकं एकमेकांना घासणार नाहीत अशी वेगवेगळ्या कापडात गुंडाळा. फीत जुनी असली तरी बदलू नका.

लॅमिनेशनची उष्णता आणि डिंक कागदातून परत कधी निघत नाही, आणि मागची बाजू वाचायची वेळ आली की हळहळ वाटते. डिस्चार्जच्या मागच्या बाजूला पुष्कळदा पेन्सिलीने किंवा शिक्क्याने बदलीची नोंद असते. आधी दोन्ही बाजू स्कॅन करा. घडी उघडून कागद सपाट करा, सेलोटेप लावू नका, आणि कागदाहून मोठ्या फोल्डरमध्ये कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवा. पावसाळ्यात लोखंडी ट्रंक भिंतीला टेकवून ठेवू नका, आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत ओल भिंतीतूनच येते.